मूकपटातल्या अभिनेत्रीचं आयुष्य शोधून लिहायचंय? नावापासून सुरुवात करा

मराठीत नुसतं "सुलोचना" सर्च करून बघा. सुलोचनादीदी लाटकर येतात, लावणीवाल्या सुलोचना चव्हाण येतात, आणि या दोघींच्याही आधी जिचं नाव भारतभर गाजलं होतं ती सुलोचना, म्हणजे रूबी मायर्स, पार खाली कुठेतरी असते. तिच्या माहितीला दीदींचा फोटो चिकटवलेला पण मी पाहिलाय. मला हे बघून खरंच वाईट वाटतं, कारण तिच्या मूकपटाच्या काळातल्या फिल्म्स जवळजवळ सगळ्याच गेल्या, आता चेहरा पण दुसरीचा लागला तर तिचं राहिलं काय.

तर त्या काळातल्या कुठल्याही अभिनेत्रीवर लेख लिहायचा असेल, कॉलेजचा प्रोजेक्ट असेल, व्हिडिओ करायचा असेल, किंवा घरातल्याच कुणा पणजीबद्दल "ती सिनेमात होती म्हणे" एवढंच ऐकलेलं असेल, तर शोधायचं कसं ते सांगते. उदाहरण मुख्यतः रूबी मायर्सचंच घेते, बाकीच्या मध्ये मध्ये येतील.

आधी नावाचा गुंता

वहीचं पहिलं पान फक्त नावांसाठी ठेवा. त्या काळी एका बाईची तीन-तीन नावं असणं अगदी कॉमन होतं, आणि त्याचं कारण समजून घेतलं की निम्मं काम सोपं होतं. घरंदाज बायकांनी सिनेमात जायचं नाही असा दंडकच होता. १९१३ च्या राजा हरिश्चंद्रसाठी फाळक्यांना तारामती करायला बाई मिळाली नाही आणि अण्णा साळुंकेंना साडी नेसवावी लागली हे आपण शाळेपासून ऐकत आलोय. त्याच वर्षी मोहिनी भस्मासुरमध्ये दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची लहान मुलगी कमला मोहिनी झाली, तरी लगेच दारं उघडली असं काही झालं नाही. १९२० नंतर ज्या मुली मोठ्या संख्येने आल्या त्यात अँग्लो-इंडियन होत्या, ज्यू होत्या, गाण्या-नाचण्याच्या घराण्यातल्या होत्या, म्हणजे ज्यांच्यावर समाजाचा हा दंडक चालत नव्हता किंवा ज्यांना समाजाने आधीच बाहेर ठेवलं होतं अशा. मग पडद्यासाठी त्यांना हिंदू नाव दिलं जायचं. रूबी मायर्सची सुलोचना झाली, रेने स्मिथची सीता देवी, एफी हिपोलेटची इंदिरा देवी, बेरिल क्लासेनची माधुरी.

आता गंमत बघा, "माधुरी" हे एका अभिनेत्रीचं नाव आहे आणि १९२८ साली आलेल्या सुलोचनाच्या फिल्मचं पण नाव आहे. मी सुरुवातीला एका जुन्या जाहिरातीतलं "माधुरी" अभिनेत्री समजून उतरवून घेतलं होतं, ते फिल्मचं टायटल निघालं आणि त्यावर बांधलेलं सगळं पुसावं लागलं. गोहरचं तर विचारूच नका. गायिका गोहर जान वेगळी, आपल्या नाटकवाल्यांना माहीत असलेल्या गोहरबाई कर्नाटकी वेगळ्या, आणि रणजीत फिल्म कंपनीत चंदुलाल शहांबरोबर भागीदार असलेली मिस गोहर वेगळी. तिघींची माहिती एकाच पॅराग्राफमध्ये शिजवलेले लेख आहेत. झुबेदाचं पण तसंच, आलम आरा या पहिल्या बोलपटाची झुबेदा आणि २००१ च्या त्या हिंदी सिनेमातली झुबेदा यांचा काही संबंध नाही.

म्हणून प्रत्येक नावापुढे लिहायचं की हे जन्माचं, हे पडद्यावरचं, हे लग्नानंतरचं. कमला कामत पुढे कमलाबाई गोखले झाल्या (चंद्रकांत गोखल्यांच्या आई, विक्रम गोखल्यांच्या आजी), त्यामुळे "गोखले" टाकून १९१३ चं काही सापडणार नाही. ललिता पवार येवल्याच्या, मूळ नाव अंबा सगुण, १९२८ च्या आसपासची त्यांची बालपणीची कामं शोधायची तर "अंबू" हे नाव पण धरूनच शोधायला लागतं. स्पेलिंग सुद्धा प्रत्येक छापखान्याचं वेगळं, रूबी, रुबी, मायर्स, मेयर्स, सगळी कॉम्बिनेशन्स टाकायची. मिस, बाई, देवी, बेगम हे शेपूट कधी लागतं कधी गळतं, ते सोडून पण एकदा सर्च करा.

मग फिल्मची यादी, पण नुसती यादी नाही

एक्सेलमध्ये करा किंवा आखीव वहीत करा, कॉलम एवढे हवेतच: फिल्मचं नाव, दुसरं नाव असेल तर ते, साल, कंपनी, दिग्दर्शक, हिची भूमिका, आणि शेवटचा कॉलम "हे मला कुठून कळलं". हा शेवटचा कॉलम लोक करत नाहीत आणि सहा महिन्यांनी स्वतःच्याच यादीवर विश्वास राहत नाही.

दुसरं नाव महत्त्वाचं का, तर त्या काळी फिल्मला एक इंग्रजी आणि एक देशी अशी दोन टायटल्स सर्रास असायची, आणि एकच फिल्म दोनदा मोजली जाते. सालाचा पण घोळ असतो, फिल्म बनली कधी, सेन्सॉर झाली कधी, लागली कधी, तीन तारखा तीन वेगळ्या वर्षांत पडू शकतात. मल्याळम सिनेमाची पहिली नायिका पी. के. रोझी, दलित मुलगी, नायर म्हणजे वरच्या जातीतल्या बाईची भूमिका केली म्हणून लोक तिच्यावर धावून गेले आणि तिला गाव सोडावं लागलं, तिच्या त्या एकुलत्या एका फिल्मला कुठे १९२८ लिहिलेलं असतं कुठे १९३०. अशा वेळी एक साल पटकन उचलू नका, दोन्ही लिहा आणि कुठे काय दिलंय ते शेवटच्या कॉलममध्ये टाका.

कंपनीचा कॉलम मला सगळ्यात उपयोगी पडलाय. तेव्हा नट-नट्या फिल्मवर नाही तर कंपनीत महिन्याच्या पगारावर असायच्या, म्हणजे कंपनी कळली की ती बाई त्या वर्षी कुठल्या शहरात, कुठल्या स्टुडिओत रोज कामाला जात होती तेच कळतं. रूबीचं बघा. पुण्यात जन्म, बगदादी ज्यू घर, टेलिफोन ऑपरेटरची नोकरी, मग कोहिनूर कंपनीच्या मोहन भवनानींनी सिनेमात आणलं, आधी तर तिने नकार दिला होता म्हणतात. १९२५ ला वीर बाला, १९२६ ला टायपिस्ट गर्ल आणि सिनेमा क्वीन. नंतर अर्देशीर इराणींची इंपीरियल. तिथे १९२७ ला वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे, मग माधुरी, अनारकली, इंदिरा बी. ए.

ही यादी समोर ठेवून नुसती टायटल्स वाचा हो. टायपिस्ट, बी. ए. झालेली मुलगी, सिनेमात काम करणारी मुलगी. वाइल्डकॅटमध्ये तर तिने आठ सोंगं केली होती, त्यात माळी होता, पोलीस होता, हैदराबादी गृहस्थ होता, केळी विकणारी म्हातारी होती. फिल्म बघायला मिळत नाही, पण एक स्वतः नोकरी केलेली मुलगी पडद्यावर नोकरी करणाऱ्या शहरी मुली रंगवते आणि लोक त्यासाठी तिकीट काढतात एवढं नुसत्या यादीतून दिसतं. हे फाळक्यांच्या पौराणिक पटांपासून बारा-तेरा वर्षांत झालंय. करिअर म्हणजे हे, कुणाशी नाव जोडलं गेलं ते नव्हे.

अनारकलीची रांग

यादीचा फायदा दाखवायला हे एकच उदाहरण पुरे आहे. १९२८ मध्ये ग्रेट ईस्टर्न कंपनी अनारकलीच्या गोष्टीवर मोठ्या खर्चाची फिल्म करत होती, त्यात अनारकली होती सीता देवी. इराणींनी घाईघाईने स्वतःची अनारकली काढली, सुलोचनाला घेऊन, आणि ती आधी लावली. म्हणजे एकाच वर्षी दोन अनारकल्या, एक रेने आणि एक रूबी. पुढे १९३५ ला बोलपट अनारकली, त्यात परत सुलोचनाच. आणि १९५३ च्या अनारकलीत बीना राय नायिका आणि आपली सुलोचना सलीमची आई, जोधाबाई. या चार ओळी एकाखाली एक लिहिल्या की तिचं पंचवीस वर्षांचं आयुष्य डोळ्यासमोर येतं. आणि या चार फिल्म्सची सालं ज्यांनी एकमेकांत मिसळलीत त्यांचे लेख लगेच ओळखू येतात.

फिल्म शिल्लक आहे का ते बघा

भारतात तेराशेच्या वर मूकपट बनले आणि आज त्यातले तीसही धड शिल्लक नाहीत, बरेचसे तुकड्यात. तेव्हाची फिल्म नायट्रेट या रसायनाच्या पट्टीवर असायची, नायट्रेट पेट घेतं, आपोआप सडून चिकट होतं, पावडर होते, आणि त्यात चांदी असते म्हणून बोलपट आल्यावर जुन्या रिळांना भंगाराचा भाव आला. राहिलेलं पण सुरक्षित नव्हतं, जानेवारी २००३ मध्ये पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या गोदामाला आग लागून नायट्रेटची हजारो रिळं गेली. त्यामुळे आपल्या अभिनेत्रीची फिल्म मिळाली नाही तर निराश होऊ नका, पण नीट विचारल्याशिवाय "उपलब्ध नाही" असंही लिहू नका. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय, १९६४ ला सुरू झालं, पी. के. नायर यांनी अक्षरशः डबा डबा गोळा करून उभं केलं, पहिला फोन किंवा ईमेल तिथे. आता ते एनएफडीसीच्या (राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या) अंतर्गत येतं. पत्र लिहिताना "मूकपटांविषयी माहिती हवी" असं मोघम लिहू नका, फिल्मचं नाव, साल, कंपनी आणि काय हवंय (फिल्म, फोटो, पुस्तिका, पोस्टर) असं लिहा, मोघम पत्राला उत्तर मोघमच येतं.

सीता देवीच्या बाबतीत नशीब चांगलं, कारण निर्माते हिमांशु राय आणि जर्मन दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन यांच्या तिन्ही मूकपटांच्या प्रिंट युरोपात गेल्या आणि राहिल्या. प्रेम संन्यास (१९२५), शिराझ (१९२८), प्रपंच पाश (१९२९). शिराझ आणि प्रपंच पाश पाठोपाठ बघा, एकीत ती कारस्थानी दलिया, दुसरीत आश्रमात वाढलेली भोळी सुनीता, अभिनयाबद्दल स्वतःच्या डोळ्याने बघून काहीतरी लिहिता येईल अशी ती फार थोड्यांपैकी एक आहे. आणि फाळक्यांच्या कालिया मर्दनची (१९१९) सुरुवात आवर्जून बघा, त्यांची चिमुरडी मंदाकिनी कृष्ण होण्याआधी नुसती कॅमेऱ्यासमोर एकामागून एक चेहऱ्यावरचे भाव करून दाखवते. मी हा तुकडा किती वेळा पाहिला असेन. मूकपटात चेहऱ्याने काय काय करायला लागायचं याचं यापेक्षा चांगलं उदाहरण माझ्या माहितीत नाही.

बघताना एक टेक्निकल गोष्ट. जुन्या फिल्म्स धावत-धावत, झटके देत चालताना दिसतात आणि लोक लिहितात "तेव्हाचा अभिनय भडक होता". तो दोष बऱ्याचदा स्पीडचा असतो. ३५ एमएमच्या एका फुटात १६ फ्रेम बसतात, म्हणजे हजार फुटांचं रीळ सेकंदाला १६ फ्रेमने चालवलं तर जवळजवळ १७ मिनिटं चालतं आणि आजच्या २४ ने चालवलं तर ११ मिनिटांतच संपतं. सगळं काही १६ वरच चालायचं असं नाही, पण २४ पेक्षा कमी बरेचदा असायचं. नेटवरची कॉपी धावतेय असं वाटलं तर प्लेअरमध्ये स्पीड ०.७५ करा, साधारण १८ फ्रेम होतात, आणि मग तिच्या डोळ्यांकडे बघा. मान वळवणं, थांबणं, पापणी खाली घेणं, सगळं जागेवर येतं.

कागद

फिल्म नसली तर कागद. त्या काळच्या पेपरातल्या थिएटरच्या जाहिराती हा सोन्याचा साठा आहे, बॉम्बे क्रॉनिकल, टाइम्स, मराठी-गुजराती पेपर. जाहिरातीत तिचं नाव किती मोठ्या टायपात आहे ते दरवर्षी मोजा, फिल्मच्या नावाखाली आहे की वर, फोटो आहे की नाही. तिचं वजन कधी वाढलं, कधी उतरलं ते असं कळतं. रविवार आणि फिल्म बदलायचा दिवस एवढेच अंक आधी बघितले तरी खूप मिळतं, मायक्रोफिल्मवर सगळं वर्ष बघायला बसलात तर डोळे जातील. जुने दिवाळी अंक आणि मासिकं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या जुन्या वाचनालयात विचारा. एका ठिकाणी मला "असलं काही नाही" म्हणून परत पाठवलं होतं, दुसऱ्यांदा मासिकाचं नाव आणि वर्ष चिठ्ठीवर लिहून नेलं तर बांधलेला गठ्ठा निघाला.

सरकारी कागद विसरू नका. मुंबईत १९२० पासून सेन्सॉर बोर्ड होतं आणि पास झालेल्या फिल्मच्या याद्या सरकारी गॅझेटात येत होत्या, सालाचं भांडण तिथे मिटतं. आणि १९२७-२८ च्या टी. रंगाचारियर यांच्या सिनेमॅटोग्राफ कमिटीचे (सिनेमाची चौकशी करायला सरकारने नेमलेली) साक्षींचे चार जाडजूड खंड आहेत, नेटवर स्कॅन मिळतात. त्यात कंपनीवाले, थिएटरवाले, समाजसुधारक सगळे बोललेत, आणि "चांगल्या घरातल्या" बायका सिनेमात याव्यात का यावरची तेव्हाची भाषा वाचली की या मुली रोज काय झेलत कामाला जात असतील ते समजतं.

पगाराची दंतकथा

सुलोचनाबद्दल एक वाक्य सगळीकडे आहे, तिला महिना ५ हजार पगार होता आणि तो मुंबईच्या गव्हर्नरपेक्षा जास्त होता. ऐकायला भारी वाटतं. पण गव्हर्नरचा पगार काही गुपित नाही, १९३५ च्या भारत सरकार कायद्याच्या परिशिष्टात छापलेला आहे, मुंबईच्या गव्हर्नरला वर्षाला १ लाख २० हजार, म्हणजे महिना १० हजार. ५ हजार हा आकडा खरा धरला तर तो गव्हर्नरच्या निम्मा होतो. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असूच शकत नाहीत. आणि खरं सांगू का, टेलिफोन एक्स्चेंजमधून आलेल्या मुलीने महिना ५ हजार मिळवणं हेच एवढं मोठं आहे की गव्हर्नरला मध्ये आणायची गरजच नाही. असं प्रत्येक "म्हणे" च्या बाबतीत करा, त्यातला आकडा बाजूला काढा आणि तो दुसऱ्या कशाशी तरी ताडून बघा.

१९३१ ला सगळं संपलं नाही

१४ मार्च १९३१, मॅजेस्टिक थिएटर, आलम आरा, आणि त्या दिवशी मूकपटाच्या नायिका घरी बसल्या, असं लिहायची सवय आपल्याला लागलीय. भाषेचा प्रश्न खरा होता, अँग्लो-इंडियन मुलींना हिंदुस्तानी बोलायला जड गेलं, काहींचं करिअर खरंच थांबलं. पण आलम आराची नायिका झुबेदा स्वतः मूकपटातूनच आलेली होती. तिची आई फातमा बेगम, जिने १९२६ साली बुलबुल-ए-परिस्तान दिग्दर्शित केली, भारतातली पहिली स्त्री दिग्दर्शक. मिस गोहरचं गुणसुंदरी १९२७ ला मूक चाललं आणि १९३४ ला बोलतं पण चाललं. ललिता पवारांनी १९३२ ला कैलाश हा मूकपट स्वतः निर्माण केला. आणि रूबीने काय केलं, तर मध्ये थांबून हिंदुस्तानी शिकून घेतली आणि स्वतःचेच मूकपट एकेक करून परत बोलते केले, माधुरी १९३२, इंदिरा एम. ए. १९३४ (बी. ए. ची एम. ए. झाली!), अनारकली १९३५, बम्बई की बिल्ली १९३६. म्हणून प्रत्येकीचं वेगळं बघा, १९३१ ला वहीत रेघ मारू नका.

नंतरची वर्षं शोधायला सगळ्यात कठीण, आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षित. रूबीला पुढे छोटी-छोटी कामं करावी लागली, नायिकेची आई, पार्टीतली मेमसाब, कधी क्रेडिटमध्ये नाव पण नाही. १९७३ चा दादासाहेब फाळके पुरस्कार तिला मिळाला आणि १० ऑक्टोबर १९८३ ला मुंबईत ती गेली. १९३६ ते १९७३ मध्ये अनेक लेखांत सरळ उडी असते. ती उडी तुम्ही मारू नका, तेवढी वर्षं पण ती कामाला जातच होती.

घरच्यांशी बोलताना

वंशज सापडले तर लगेच रेकॉर्डर काढू नका. कित्येक घरांत ही गोष्ट दोन पिढ्या लपवलेली असते, आजी सिनेमात होती हे नातवंडांना माहीत नसतं. आधी तुमच्याकडचं द्या, जाहिरातीची कॉपी, फिल्मची यादी, आणि मग विचारा. "त्यांचं अफेअर होतं का" हा प्रश्न पहिला विचारणाऱ्याला दुसऱ्यांदा दार उघडत नाहीत. कामाबद्दल विचारा, कितीला निघायच्या, जेवण कुठे, मेकअप कोण करायचं, पैसे हातात कुणाच्या जायचे. कमलाबाई गोखल्यांवर रीना मोहन यांनी माहितीपट केला तेव्हा कमलाबाई नव्वदीच्या घरात होत्या, आणि एकट्या राहणाऱ्या त्या म्हाताऱ्या बाईला बोलू दिलं म्हणून आज आपल्याकडे त्यांचा स्वतःचा आवाज आहे. बाकी बहुतेकींचा तोही नाही. घरातल्या हयात लोकांची नावं, पत्ते मात्र त्यांना विचारल्याशिवाय छापायचे नाहीत.

आणि फोटो दाखवले तर परवानगी घेऊन उलटे करून बघा. मागे फोटोग्राफरचा शिक्का असतो, पेन्सिलने लिहिलेलं साल असतं, कधी फिल्मचं नाव, कधी कुणाला तरी लिहिलेल्या दोन ओळी. दोन्ही बाजूंचे फोटो काढा, फाइलला नाव देताना पुढची आणि मागची असं लिहा, मूळ फोटो त्यांच्याकडेच राहू द्या. आणि तो चेहरा कुठे टाकायच्या आधी वहीचं पहिलं पान काढून परत एकदा बघा, ही नक्की कुठली सुलोचना.